चार बोटं जागा

आप्पा,

तुमच्या बातमीला किती जागा ठेवायची, हे विचारायला मी त्या दुपारी तुम्हालाच फोन लावला. तुमच्या विनोदचा फोन येऊन गेला होता. तुम्ही गेल्याचं मला कळलं होतं, ते मी रफीकभाईंना सांगितलंही होतं, आणि तरी सवयीनं बोट तुमच्याच नंबरावर गेलं. रिंग वाजायला लागली तेव्हा भानावर आले आणि घाईनं फोन बंद केला. रडू यायच्या आधी मला स्वतःचा रागच आला. तुम्हाला ते बघायला आवडलं असतं. माझं लिहिणं तुम्हाला कधी आवडायचं, कधी नाही. माझं चिडणं मात्र तुम्ही नेहमीच चवीनं बघायचात.

पान काल छपाईला सोडलं. आता ऑफिसात मी एकटीच बसले आहे. खालच्या कारखान्यातले माग चालू आहेत आणि टेबलाला त्यांची थरथर लागते आहे. तुम्ही म्हणायचात, माग बंद पडले की आपल्याला अक्षर सुचत नाही. आज ते चालू असूनही बराच वेळ काही सुचलं नाही. मग ठरवलं, तुमच्याबद्दल लिहिण्यापेक्षा तुम्हालाच सांगावं. हे आपल्या अंकात येणार नाही. अंकातली तुमच्या वाट्याची जागा भरली.

जागा हा शब्द मी अंबाडीहून येताना बरोबर घेऊनच आले होते. आमच्याकडे जागा म्हणजे घराची, खळ्याची, फार तर एसटीतली. तुमच्याकडे पहिल्यांदा आले आणि दारातच विचारलं, "आपल्याकडे जागा आहे का?" तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात आणि विचारलंत, "कसली? बसायला, लिहायला, का गोडाऊन टाकायला?" मी म्हटलं, नोकरीची. "ती न्हाय," तुम्ही म्हणालात, "पण बस." आणि बाकावरचा जुन्या अंकांचा गठ्ठा उचलून खाली ठेवलात. पगार कधी सुरू झाला ते मला आता आठवतही नाही. बसायची जागा मात्र त्याच दिवशी मिळाली.

मग हळूहळू कळत गेलं की या दोन खोल्यांत तो शब्द किती कामं करतो. पान लावणारे रफीकभाई म्हणाले, "जागा है," म्हणजे कुणाची तरी जाहिरात ऐनवेळी गळाली आहे आणि आता मी खरडलेलं काहीही छापून येईल. तुम्ही म्हणालात, "जागा सोड," म्हणजे नगरपालिकेच्या सभेतून अजून कुणी तरी यायचं आहे आणि तो काय घेऊन येईल याचा भरवसा नाही. जाहिरातवाल्याच्या तोंडी जागा म्हणजे माल. कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून वाचणाऱ्या म्हाताऱ्यांच्या तोंडी जागा म्हणजे कुठल्या पानावर कुठे काय येतं त्याची ओळख. रेशनची बातमी तिच्या जागेवरून हलली तर ते जिना चढून भांडायला यायचे. गोडाऊनं उठलेल्या काल्हेर-कशेळीकडून आलेला माणूस जागा म्हणाला की तो जमिनीबद्दलच बोलत असायचा, मग त्याची बातमी लग्नाची का असेना. आणि तुम्ही नुसतंच "जागेवर" म्हणालात की मला चप्पल घालावी लागायची. तुम्हाला टेबलावर बसून लिहिलेली बातमी वासावरून कळायची. "जागेवर जाऊन आलीस?" एवढाच प्रश्न. त्याला हो किंवा नाही यापलीकडे तिसरं उत्तर तुम्ही कधी ऐकून घेतलं नाहीत.

ज्या अर्थानं तो शब्द तुम्हाला सगळ्यात जास्त बोचायचा, तो तुम्ही मला फार उशिरा सांगितलात. तेही भोपळ्यामुळे. मी डब्यात लाल भोपळ्याची भाजी आणली होती आणि तुम्ही डबा असा काही सरकवलात की मला वाटलं भाजी आंबली. रफीकभाई हसायला लागले. मग तुम्ही सांगितलंत. तरुणपणी तुम्ही मुंबईच्या एका दैनिकाला भिवंडीच्या बातम्या पाठवायचात. एका कारखान्यात मागाच्या पट्ट्यात सापडून एक कारागीर गेला. तुम्ही त्याच्या खोलीवर गेलात, त्याच्याबरोबर राहणाऱ्यांशी बोललात, गावाकडे तार कुणी केली तेही विचारून घेतलंत आणि बातमी फोनवरून वाचून दाखवलीत. पलीकडून उत्तर आलं, जागा नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही ते दैनिक उघडलंत तर त्याच पानावर परदेशातल्या कुणा शेतकऱ्यानं पिकवलेला भलामोठा भोपळा छापला होता. पानाचा कोपरा उरला म्हणून.

"बाय, भोपल्याला होती," तुम्ही म्हणालात. "माणसाला नव्हती."

त्याच्यानंतर तुम्ही हे साप्ताहिक काढलंत. लोकांना तुम्ही वेगवेगळी कारणं सांगितलीत, कधी गावाचा विकास, कधी मराठीची सेवा. मला माहीत आहे, तुम्ही ते भोपळ्यावरच्या रागानं काढलंत.

आणि पहिल्याच अंकापासून ती चार बोटांची पद्धत. पहिल्या पानाच्या तळाशी, एका कॉलमात, तुम्ही आपला उजवा हात आडवा ठेवायचात आणि चार बोटांच्या वर-खाली पेन्सिलची रेघ मारायचात. ती मेलेल्या माणसाची जागा. ज्याच्या घरून कुणी येऊन सांगेल, त्याला मिळायची. हमाल असो, वकील असो, कारखानदार असो, चार बोटं. त्याहून जास्त नाही, कमीही नाही. कुणाचे दिवस त्या चार बोटांत मावायचे नाहीत, कुणाचे पुरायचे नाहीत; न पुरणाऱ्यांच्या घरी तुम्ही मला पुन्हा पाठवायचात. "विचार नीट. माणूस हाय, काहीतरी केलंच असंल त्यानं." म्हणून तर आपल्या अंकात कुणाला पतंग काटता येत नसल्याचं छापून आलं आहे, आणि कुणाच्या हातची कढी शेजारच्या चार घरांत जायची तेही.

काल्हेरच्या त्या शेठचे वडील गेले तेव्हाची तुमची अडेलतट्टूगिरी मी डोळ्यांनी पाहिली. ते पूर्ण पान मागायला आले होते. मधे मोठा फोटो, भावपूर्ण श्रद्धांजली, खाली शोकाकुल मंडळींच्या तोंडांची रांग, त्यांत निम्मे पुढची निवडणूक लढवणारे. इकडच्या सगळ्या साप्ताहिकांची चूल त्याच पानांवर पेटते, हे मला माहीत होतं, तुम्हालाही होतं. तुम्ही शेठना चहा पाजलात, वडिलांच्या तरुणपणाबद्दल विचारलंत. ते मिठागरावर टोपल्या वाहायचे हे शेठच्या तोंडून निघालं. तुम्ही ते चार बोटांत छापलंत. पूर्ण पान घेतलं नाहीत. मेलेल्या माणसाची जागा विकायची न्हाय, हे तुम्ही इतक्या साध्या आवाजात सांगितलंत की शेठना रागवायला धड कारणही मिळालं नाही. त्यांच्या गोडाऊनच्या जाहिराती मात्र बंद झाल्या. घरी काकींनी तुम्हाला त्या महिन्यात किती सुनावलं, ते मला काकींनीच सांगितलं आहे.

मला तुम्ही कशेळीला पाठवलंत तो दिवसही सांगते, कारण परवा तो मला फार कामाला आला. पुलाच्या अलीकडे कंटेनरखाली एक मोटरसायकलवाला सापडला होता. पोलिसांकडून आलेल्या कागदावर "जागीच ठार" लिहिलेलं होतं. मीही तसंच लिहिलं, सगळेच लिहितात. तुम्ही त्या शब्दावर बोट ठेवलंत. "जागीच म्हंजे काय? पानी मागायला पन टाइम न्हाय गावला त्याला? तू जागेवर गेलीस?" गेले. भर दुपारी, ट्रकांच्या धुरात. टपरीवाल्यानं सांगितलं की तो माणूस बराच वेळ शुद्धीत होता. त्यानं पाणी मागितलं आणि टपरीवाल्याला म्हणाला, गाडी बाजूला घ्या, लोकांना जायला जागा होत नाही. मी ते लिहून आणलं. तुम्ही वाचलंत, चष्मा काढलात आणि खिडकीशी जाऊन उभे राहिलात. त्याची बायको अंक घेऊन आपल्या ऑफिसात आली होती, आठवतं? तो परिच्छेद तिनं बाकावर बसून पुन्हा पुन्हा वाचला.

"जागीच" हा शब्द मी त्यानंतर लिहिलेला नाही.

पण आपलं एक भांडण राहिलंय, आप्पा, आणि तुम्ही गेलात म्हणून मी ते सोडणार नाही. माझ्या शाळेतल्या बाई गेल्या तेव्हाचं. अंबाडीच्या आसपासच्या पाड्यांतल्या पोरींना घरोघर जाऊन शाळेत ओढून आणणाऱ्या बाई. त्या नसत्या तर मी आज भाताची लावणी करत असते, हे मी तुम्हाला टेबलावर हात आपटून सांगितलं. मी अर्धं पान मागितलं. तुम्ही चार बोटं दिलीत. मी म्हटलं, सगळ्यांना एकच माप लावणं हा न्याय नाही, आळस आहे. एक माणूस शंभर घरं बदलतो, दुसरा स्वतःचं एकही धड चालवत नाही, आणि तुम्ही दोघांना सारखं मोजता. तुम्ही पेन्सिलीला टोक करत बसलात. मला वाटलं जिंकले.

"बरं," तुम्ही म्हणालात, "पन मोजायचं कोनी?"

"मी मोजते," मी म्हटलं.

"मंग माझं पन तूच मोज." आणि खोकत खोकत हसलात, छत्री उचललीत आणि गेलात. त्यानंतर तुमचं ऑफिसात येणं कमी झालं, मग बंदच झालं. मी उत्तर तयार करून ठेवलं होतं, चांगलं लांबलचक. ते तसंच राहिलं. मला अजूनही वाटतं की बाईंच्या बाबतीत तुम्ही चुकलात. पण मोजायची वेळ आली तेव्हा मी तुमचंच माप घेतलं, हेही खरं.

परवा मी तुमच्या घरी गेले ती भेटायला म्हणूनच. पण तुम्ही मला असं काही वळण लावून ठेवलंय की उंबऱ्याशी चप्पल काढतानाच मनात आलं, आपण जागेवर आलो आहोत. बाहेरच्या खोलीत माणसं होती. विनोद प्रत्येकाला सांगत होता, आप्पा झोपेतच गेले, शांतपणे. सगळे माना हलवत होते. मीही तेच लिहून निघाले असते. पण काकी आतल्या खोलीत तुमच्या खाटेजवळ बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि नुसतं विचारलं, काकी, झोपले होते का हो ते?

"कुठं झोपलेले," काकी म्हणाल्या. "जागं व्हते चांगले. मना बोलले, भरती लागली का गो? मी बोलले, लागली. बरं, बोलले. मंग डोले मिटले."

मी खिडकीकडे पाहिलं. या खिडकीतून पूर्वी खाडी दिसायची, हे तुम्ही मला किती वेळा सांगितलंय. आता समोर गोडाऊनची निळी पत्र्याची भिंत आहे, पार वरपर्यंत. ती विनोदची. सही तुम्हीच केली होतीत, वडिलोपार्जित खाजणाची जागा मुलाच्या नावावर करताना. त्याबद्दल तुम्ही कधी तक्रार केली नाहीत. भिंत उभी राहिली तेव्हा फक्त आरामखुर्ची खिडकीपासून उचलून दाराशी नेलीत, असं काकी एकदा म्हणाल्या होत्या. म्हणजे काकींनाही त्या खाटेवरून खाडी दिसत नव्हती. तरी त्यांनी लगेच सांगितलं, लागली.

निघताना मी गोडाऊनला वळसा घालून मागे खाडीवर गेले. का गेले ते तुम्हाला सांगायला नको. तिथे एक म्हातारेबुवा जाळं दुरुस्त करत बसले होते, तुमच्याच वयाचे. तुम्ही गेल्याचं त्यांना कळलं होतं. मी विचारलं, काल दुपारी त्या वेळेला पाणी कसं होतं? त्यांनी आठवायलाही वेळ घेतला नाही. "सुकती," ते म्हणाले. "चिखल उघडा पडलेला सगला. व्हऱ्या टेकलेल्या." म्हणजे ओहोटी होती, आप्पा. पाणी होड्या चिखलात टेकण्याइतकं खाली गेलेलं होतं.

मी तिथे थोडी उभी राहिले आणि खूप रडले. म्हातारेबुवा जाळ्यात मान घालून बसले, त्यांनी वर पाहिलं नाही.

ऑफिसात परत आले आणि रफीकभाईंना म्हटलं, डिब्बा उघडा. तुम्ही ते ऐकलंत तर हसाल, पण छपाईचे खिळे गेले, पान कॉम्प्युटरवर लागायला लागलं, तरी रफीकभाई त्या चार बोटांच्या चौकटीला डिब्बाच म्हणतात. पहिल्यांदा तुमचा हात कागदावर ठेवून त्यांनी पेन्सिल फिरवली होती आणि तेवढ्या उंचीची चौकट कॉम्प्युटरवर करून ठेवली होती. ती आजवर कुणी हलवलेली नाही. मी एकदा मजकूर बसत नाही म्हणून थोडी ओढायला गेले तर त्यांनी माऊस माझ्या हातातून काढून घेतला. "मॅडम, हा आप्पांचा हात आहे. इस को नहीं छेडने का."

या आठवड्यात तिथे एक डिब्बा आधीच भरलेला होता. हसीनाबी गेल्या, मागच्या गल्लीतल्या, मागासाठी कांड्या भरणाऱ्या. त्यांचा मुलगा सांगून गेला होता आणि मी त्याला येणार म्हणून शब्द दिला होता. कांड्या भरता भरता त्या कव्वाली म्हणायच्या आणि कारखान्याचा मालक जिन्यात उभा राहून ऐकायचा, असं तो म्हणाला. ते मी घेतलं होतं. तुमचा डिब्बा मी त्यांच्या शेजारच्या कॉलमात लावायला सांगितला आणि तिथेच बसून लिहून भरला.

मग विनोद आला. बॅनरच्या दुकानातून अंकाचं पूर्ण पहिलं पान तयार करून, गुंडाळी काखेत धरून. फोटोत तुमच्या डोक्याला त्याच्या लग्नातला फेटा, जो तुम्हाला बांधून होताच काढायचा होता. खाली तोंडांची रांग. आप्पा, मी त्याच्यावर चिडायचं ठरवलं होतं, पण त्याचे डोळे सुजले होते आणि दाढी वाढली होती आणि तो तुमच्या खुर्चीवर बसला नाही, बाकावर बसला. मी त्याला तुमचा नियम सांगितला. त्याला माहीतच होता.

"त्यांनी सगळ्या भिवंडीला जागा दिली," तो म्हणाला. "आणि त्यांच्याच पेपरात त्यांना जागा न्हाय?"

ज्या दोन शब्दांवरच्या रागानं तुम्ही आयुष्य काढलंत, ते तुमचाच मुलगा तुमच्यासाठी बोलत होता. आणि खरं सांगते, मनातून मलाही ते पूर्ण पान द्यायचं होतं. सबंध अंक द्यायचा होता. बाईंसाठी भांडलेली मी, तुमच्यासाठी नाही भांडणार? तयार करून ठेवलेलं ते लांबलचक उत्तर मला आठवलं. त्यातला शब्द न् शब्द तुम्हाला लागू पडत होता.

पण पहिलं पान द्यायचं तर हसीनाबींना उचलावं लागत होतं. मी विनोदला तेवढंच सांगितलं. तो म्हणाला, त्यांचं पुढच्या आठवड्यात घ्या ना. अगदी सहज म्हणाला, वाईट हेतूनं नाही. तो भोपळा छापणारा माणूसही तुम्हाला असंच सहज बोलला असेल. मी विनोदला म्हटलं, त्यांच्या मुलाला फोन लावून देते, तू सांग त्याला, जागा नाही म्हणून. मी फोन पुढे केला. विनोदनं तो घेतला नाही.

रफीकभाई इतका वेळ पाठ करून बसले होते. त्यांनी पानाची प्रिंट काढली आणि विनोदच्या पुढ्यात ठेवली. विनोदनं आधी पान नुसतं पाहिलं. मग, लहानपणापासून तुम्हाला करताना पाहिलं होतं म्हणून असेल, त्यानं उजवा हात आडवा करून तुमच्या बातमीवर ठेवला. करंगळी वरच्या रेघेला लागली, तर्जनी खालच्या. तसूभरही फरक नाही. त्याचा हात तुमचाच आहे, आप्पा, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. त्यालाही ठाऊक नसावं. तो हात तसाच ठेवून बसून राहिला. मग त्यानं हात उचलला आणि वाचायला लागला.

शेवटच्या ओळीशी तो थांबला.

"आयेनं सांगितलं?"

मी हो म्हटलं.

"तथून खाडी दिसत न्हाय," तो म्हणाला.

मी म्हटलं, माहीत आहे. गोडाऊनबद्दल मी लिहिलं नव्हतं, बोललेही नाही. तो ती ओळ पुन्हा वाचत होता. खाली मागांची शिफ्ट बदलली, थरथर थांबली आणि पुन्हा सुरू झाली. मग त्यानं आणलेलं पान होतं तसं गुंडाळलं आणि उठला.

"बास हाय एवढी," तो म्हणाला. जिन्यापर्यंत गेला आणि परत येऊन प्रिंट मागितली, आयेला वाचून दाखवायला. मी दिली.

ओहोटीचं मी छापलं नाही. तुम्ही असतात तर विचारलं असतंत, जागेवर जाऊन आलीस ना, मग जे दिसलं ते का लिहिलं नाहीस? त्यावर माझं उत्तर तयार आहे. जागा नव्हती. खरंच नव्हती, हवं तर रफीकभाईंना विचारा. त्या दोन शब्दांनी कुणाचं भलंही होऊ शकतं, हे मला परवा कळलं. तेवढ्यापुरतं तरी मला माफ करा.

विनोद गेल्यावर मी दुसरी प्रिंट काढली आणि माझा हात तुमच्या बातमीवर ठेवला. माझी बोटं बारीक. तुमचं नाव, गाव, साप्ताहिक, तो कारागीर, भोपळ्याची न खाल्लेली भाजी, सगळं माझ्या चार बोटांखाली झाकलं गेलं आणि तर्जनीच्या खाली थोडी जागा उघडी राहिली. तुमच्या हाताची जास्तीची. मी मोजायला घेतलं असतं तर चौकट तिथेच संपली असती आणि तेवढा मजकूर कापावा लागला असता. त्या उरलेल्या जागेत लिहिलं आहे: "भरती लागली का, असं त्यांनी विचारलं. लागली, असं पत्नीने सांगितल्यावर त्यांनी डोळे मिटले."

मला तुमची फार आठवण येते, आप्पा. पुढच्या आठवड्यात कुणी ना कुणी जिना चढून येईल आणि मी त्याला बस म्हणेन, तुम्ही मला म्हणालात तसं. बाईंचं भांडण मी सोडलेलं नाही. पण कालपासून माझ्या डोक्यात वेगळीच गोष्ट फिरते आहे. तुम्ही खाडीकाठी जन्मलेले. कुठल्या तिथीला पाणी कधी चढतं, कधी उतरतं, हे तुम्हाला कधी कुणाला विचारावं लागलं नाही. त्या दुपारी सुकती होती, हे खिडकीसमोर कितीही उंच भिंत असली तरी तुम्हाला माहीत असणारच. तरी काकी म्हणाल्या लागली, आणि तुम्ही बरं म्हणालात.

अख्ख्या भिवंडीत एकाही माणसाची बातमी तुम्ही जागेवर गेल्याशिवाय घेतली नाहीत. काकींची घेतलीत.